दामूभाऊंचं नाक

ए पोट्टी, ये, जवळ बस. तिकडे पुण्यात असलीस तरी हे वाचताना माझ्या ओट्यावरच बसलीस असं समज आणि तो मोबाईल उलटा ठेव. मागच्या खेपेला माझ्या गाडीत बसलीस, स्टिअरिंगच्या बाजूला ते गोल, हिरव्या आकड्यांचं मीटर पाहिलंस, "मावशी, हे कायचं गं?" असं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत बस लागली म्हणून पळालीस. विचारायचं आणि पळायचं, ही कुठली रीत झाली? बरं, फोनवर सांगावं तर तुला मीटिंग. म्हणून आता लिहूनच काढते. मला काही लिहिण्याची शाळा नाही, भाजीच्या कागदांवरची अक्षरं वाचत शिकले, तेव्हा वाक्य इकडेतिकडे गेलं तर सांभाळून घे. पण पूर्ण वाच. ते मीटर तुला तसं नाही कळायचं. त्याच्याआधी दामूभाऊ कळायला पाहिजेत.

दामूभाऊ म्हणजे माझ्या खानावळीच्या भिंतीला भिंत लावून ज्यांचं गॅरेज होतं ते. तू लहान होतीस, तुला त्यांची भीती वाटायची, कारण ते हळू बोलायचेच नाहीत. उंच, वाळके, खाकी शर्टाच्या बाह्या कायम कोपराच्या वर, आणि नाक असं, की माणूस दाराआड उभा असला तरी आधी नाक दिसावं. त्या नाकाचा त्यांना भारी गर्व. असायलाच पाहिजे होता. दिग्रसमध्येच काय, पुसद-दारव्ह्यापर्यंत लोक म्हणायचे, दामू गाडी नाकानं लावतो.

आता हे नाकानं लावणं म्हणजे काय, ते सांगते. पेट्रोलच्या गाडीला पेट्रोल आणि हवा दोन्ही लागतं, आणि दोन्हीचं माप जमावं लागतं. पेट्रोल जास्त झालं की धूर डोळ्याला झोंबतो, गाडी नुसती पीत सुटते. कमी झालं की इंजिन तापतं, चढावर धक्के देतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना हे माप एका बारक्या स्क्रूवर असतं. दामूभाऊ गाडी चालू करायचे, मागे जायचे, गुडघ्यावर एक हात ठेवून वाकायचे, दुसऱ्या हाताची ओंजळ सायलेन्सरच्या तोंडाशी धरून धूर गोळा करायचे आणि ती ओंजळ नाकाशी आणायचे. डोळे मिटलेले. मग निकाल द्यायचे. पेट्रोल जास्त असलं तर म्हणायचे, "हे माजली!" कमी असलं तर, "हे उपाशी हाय बिचारी." मग पुढे येऊन स्क्रू इतकासा फिरवायचे, आपण वरणात मीठ वाढवतो तेवढासा. पुन्हा मागे, पुन्हा ओंजळ. चार-पाच फेऱ्यांत गाडी अशी गुरगुरायला लागायची, की ऐकणाऱ्याला झोप यावी.

कुणी विचारलं, भाऊ, मशीन का घेत नाही, शहरात मशीनवर करतात, तर ते कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "माणूस खोटं बोलते, मशीन बिघडली का थेबी खोटं बोलते. धूर नाई बोलत. धुराले कोणाची भीती?"

या नाकापायी आमची रोज भांडणं. कारण इकडे माझी खानावळ. मी लाल मिरचीची फोडणी टाकली की भिंतीपलीकडून आरोळी यायची, "वहिनीऽ! फोडणी थांबवा! गाडी लावून राह्यलो!"

"मग माझी गिऱ्हाइकं काय तुमचा धूर खातील का?" मी इकडून.

"पाच मिनटं!"

"पाच मिनिटांत तेल जळून जाते भाऊ!"

"मंग जळू द्या! गाडीचं इंजिन जळण्यापक्षा तेल जळलेलं बरं!"

शेवटी आमच्यात एक ठराव झाला. त्यांच्या दारात एका जुन्या ट्रकचा ब्रेकड्रम टांगलेला होता. गाडी लावायला घेतली की ते पान्यानं त्यावर ठण्णकन एक टोला द्यायचे; मी कढई उतरवून ठेवायची. काम झालं की दुसरा टोला, मी कढई चढवायची. माझी जेवणारी मंडळी इतकी सरावली, की पहिला टोला पडला की कापूसबाजारातला एखादा दलाल म्हणायचाच, "चला, आता दामूचं नाक कामावर लागलं, आपलं पोट थांबलं." बाहेरगावच्या माणसाला वाटायचं इथे पूजा-बिजा आहे की काय.

गॅरेजात उदबत्ती लावायला बंदी. डोक्याला वासाचं तेल लावून आलेल्या गिऱ्हाइकाला रस्त्याच्या पलीकडे उभं करायचे. एकदा तर ऐन लग्नसराईत नवरदेवाची गाडी आली. वरात निघायची वेळ, गाडी फुलांनी मढलेली, आणि पोरांनी आत-बाहेर इतकं अत्तर मारलेलं की मलाच भिंतीअलीकडे ठसका लागला. गाडी आचके देत होती. दामूभाऊ मागे वाकले, ओंजळ नाकाशी नेली आणि ताडकन उभे राहिले.

"नवरदेवाले उतरवा!"

"अहो भाऊ, मुहूर्त टळून राह्यला!" नवरदेवाचा मामा.

"टळू द्या! मले गाडीचा वास पाह्यजे, तुमच्या पोट्ट्याचा नाई! तिकडे उभा करा त्याले, वाऱ्याच्या खालच्या अंगाला!"

आणि खरंच, फेटा-बाशिंग बांधलेला नवरदेव बिचारा पेट्रोल पंपाच्या वळणापाशी जाऊन उभा राहिला. वरातीतल्या बायका हसून हसून कोलमडल्या. गाडी लागली, वरात गेली. आणि त्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन तो सगळ्यांत आधी दामूभाऊंकडे आला, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

ते मीटर लागलेली ही गाडी तुझ्या काकांची. ते गेले तेव्हा महिनोन् महिने ती ताडपत्रीखाली उभी होती. सगळे म्हणायचे, विकून टाका. बाई माणूस कायले गाडी ठेवते? दामूभाऊ मात्र एके सकाळी आले, ताडपत्री ओढून काढली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चालवा," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, माझे केस पांढरे झाले." तर म्हणाले, "गाडीबी पांढरीच हाय." कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला होता, मिलच्या आवारात सगळं मोकळं. तिथे त्यांनी मला शिकवलं. बाजूला बसून ओरडून ओरडून. क्लच सोडताना गाडी उडाली की म्हणायचे, "वहिनी, पोळी अशी उलटता का? हळू उलटता न? मंग?" त्या एका वाक्यानं मला क्लच कळला. आज मी यवतमाळपर्यंत एकटी जाते, ते त्यांच्या पोळीवर.

आता बाई, नीट वाच. इथून पुढे तुला माहीत नाही.

ती साथ आली होती ना, सगळं बंद होतं, त्यात दामूभाऊंना ताप आला. दवाखान्यात राहून आले. बायको आधीच गेलेली, मुलगी ज्योती वर्ध्याला, तिला येता येईना. घरी आले तेव्हा आणखी वाळले होते, पण आवाज तोच. मला बरं वाटलं. मग बाजार उघडला, माझी चूल पेटली, त्यांचं शटर वर गेलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मिरची जळली. अगदी काळी झाली. सगळा रस्ता खोकायला लागला. समोरचा पानवाला डोळे पुसत दुकानाबाहेर आला, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून उठल्या. मी कान टवकारून बसले, आता भिंतीपलीकडून शिव्या येतील म्हणून.

काही आलं नाही.

मी डोकावून पाहिलं. एक व्हॅन चालू होती आणि दामूभाऊ तिच्या मागे वाकून, डोळे मिटून, ओंजळीतला धूर हुंगत होते. त्या एवढ्या जळक्या मिरचीत! मग पुढे येऊन त्यांनी स्क्रू फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "माजली होती!"

मला शंका आली. पण खात्री कशी करायची? जेवायला ते माझ्याचकडे. आधी प्रत्येक घासाला शेरा: लसूण आज कच्चा राहिला, पाटोडीच्या रश्श्यात खोबरं जुनं आहे, ताक कालचं आहे. आता मान खाली घालून जेवायचे आणि उठायचे. एक दिवस पातेल्याला वरण लागलं, पार करपलं. सगळ्यांनी वाट्या परत केल्या. दामूभाऊंनी दोनदा मागून घेतलं.

मी काय बोलणार? ज्या माणसाचं सगळं नाव नाकावर, त्याला तोंडावर जाऊन सांगायचं, की तुमचं नाक गेलं? आणि ते तर रोज ओंजळ नाकाशी नेतच होते. चार लोक उभे असले की आणखी जोरात हुंगायचे. ते पाहवत नव्हतं गं.

गाड्या परत यायला लागल्या. "दामूभाऊ, गाडी पेट्रोल पिऊन राह्यली." "दामूभाऊ, चढावर दम नाई धरत." ते गिऱ्हाइकावर खेकसायचे, तुम्हाले चालवता येत नाई म्हणायचे. लोक तोंडावर हो म्हणायचे आणि रस्त्यावर गेल्यावर म्हणायचे, म्हातारा झाला आता दामू. शटरपुढे गाड्या कमी दिसायला लागल्या. वर्ध्याहून ज्योतीचा फोन यायचा, बाबा, बंद करा आणि इकडे या. ते म्हणायचे, पाहू.

एक दिवस दुपारची जेवणं आटोपल्यावर ते माझ्याकडे आले आणि खुर्ची ओढून बसले. ते कधी बसायचे नाहीत.

"वहिनी, तुमची गाडी काही दिवस मले देता का?"

"काय करायचं आहे?"

"मीटर लावाचं हाय. नवं शिकून राह्यलो."

मग फोन काढून त्यांनी मला फोटो दाखवले आणि समजावून सांगितलं. खरं म्हणजे मला नाही, स्वतःलाच सांगत होते. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवायचा, तो धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो. धुरात हवा उरली म्हणजे पेट्रोल कमी पडलं, नाही उरली म्हणजे पेट्रोल जास्त झालं. नव्या गाड्यांत असा एक सेन्सर कंपनीच लावून देते. पण त्यांना तो नको होता.

"थे फक्त माजली का उपाशी, एवढंच सांगते. किती माजली, किती उपाशी, थे नाई सांगत. माझं नाक..." आणि थांबले. "म्हणजे, मापाले किती थे पाह्यजे न. म्हणून हा दुसरा. याले वाइडबँड म्हणतात. हा आकडा देते. चौदा-साडेचौदाच्या आसपास आलं का गाडीचं पोट बरोबर भरलं. त्याच्या खाली गेलं का माजली. वर गेलं का उपाशी."

वाइडबँडचेही तीन प्रकार त्यांनी शोधून ठेवले होते. एक अगदी स्वस्त, पण त्याचा सेन्सर मीटरच्या डबीलाच जोडलेला. सेन्सर मेला की सगळं फेकून द्या. म्हणून तो बाद. सेन्सर ही झिजायची वस्तू, तो वेगळा मिळालाच पाहिजे, असं ते म्हणाले. राहिले दोन. एक म्हणे कंपनीतूनच शिकून येतो, लावला की चालू. दुसऱ्याला आधी मोकळ्या हवेत टांगून दाखवावं लागतं, की बाबा, ही साफ हवा, इथून मोज.

"मग पहिलाच बरा की," मी म्हटलं.

"नाई. जे स्वतःच म्हणते मले सगळं येते, त्याच्यावर माझा भरोसा नाई बसत. ज्याले आपण हवा दाखवू, थे आपलं ऐकन." आणि फोन माझ्याकडे सरकवत, "आता यातलं मीटरचं घड्याळ निवडा. आकडा मोठा पाह्यजे. तुमची नजर अन् माझी, दोघाईची गेली."

मी मोठ्या हिरव्या आकड्याचं निवडलं. मग जरा धीर करून विचारलं, "पण भाऊ, तुमचं नाक असताना हे कायले?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "जमाना बदलला, वहिनी," म्हणाले. "आन तुमच्याच गाडीवर काहून, माहीत हाय? काही बिघडलं तं शिव्या तुमीच देसान. गावभर नाई होणार."

कुरिअर आलं तसं काम सुरू झालं. मी मागच्या बुटक्या भिंतीअलीकडे भांडी घासता घासता सगळं पाहत होते. आधी इंजिनातून निघणाऱ्या पाइपाला, सायलेन्सरच्या बऱ्याच अलीकडे, भोक पाडलं आणि त्यावर जाड नट वेल्ड केलं. नट खाली तोंड करून नाही लावायचं, वरच्या अंगाला तिरपं लावायचं. कारण सकाळी पाइपात पाणी धरतं, ते सेन्सरवर साचलं की तो तडकतो. वायर आत नेताना पत्र्याची धार लागू नये म्हणून रबराचं बूच. सेन्सरच्या पोटात हीटर असतो, म्हणून त्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले, आणि किल्ली फिरवली तरच करंट. "गरम झाल्याशिवाय हा बोलत नाई," ते म्हणाले. "तुमच्यासारखं नाई, का सकाळी उठल्यापासून सुरू."

"तुम्ही मुकाट्यानं पत्रा ठोका."

खूप दिवसांनी भांडलो. मला बरं वाटलं.

मग हवा दाखवायची वेळ आली. पाइपात घालायच्या आधी त्यांनी सेन्सर गॅरेजातल्या खिळ्याला टांगला, किल्ली फिरवली, तो तापू दिला आणि बटण दाबलं. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. "झालं," ते म्हणाले. सेन्सर पाइपात बसवला, गाडी चालू केली.

आणि आकडा वेड्यासारखा नाचायला लागला. स्क्रू केसभर फिरवला की मीटर म्हणायचं, उपाशी मेली! केसभर उलटा फिरवला की, माजून फुटली! गाडी तर तशीच गुरगुरत होती, ऐकून मलाही कळत होतं की एवढा फरक नाही. दामूभाऊंनी अर्थिंग बदलली, इंजिनाच्या लोखंडाला खरवडून पक्की केली. पाइपाचा जोड कुठे फुंकतो का, ते साबणाचं पाणी लावून पाहिलं. प्लग काढून त्यांचा रंग पाहिला. तो चांगला विटकरी, म्हणजे गाडीचं काही बिघडलेलं नव्हतं. मीटरच बडबडत होतं. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, तुमचंच काहीतरी चुकलं. असे बरेच दिवस गेले.

एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि हळू बोलले. पोट्टी, ते हळू बोलले, तेव्हाच मी समजले.

"वहिनी, उद्या तुमच्या गाडीचं काढून टाकतो. भोकाले बूच मारून देतो. आन शटरबी बंद करतो. ज्योती बोलावून राह्यली."

"चहा टाकते, तुम्ही बसा," मी म्हटलं. ते नाही म्हणून परत गेले. मी चहा घेऊन त्यांच्या मागे गॅरेजात गेले. एरवी मी भिंतीवरूनच कप द्यायची. आत पाऊल टाकून फार दिवस झाले होते. आणि दारातच माझे डोळे चुरचुरले. चहा सांडला.

"अहो भाऊ, केवढं पेट्रोल घमघमून राह्यलं इथे!"

ते टेबलापाशी उभे होते. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "कुठे?"

टेबलाखाली एक पसरट घमेलं होतं, झाकण नाही, काठोकाठ पेट्रोल, त्यात कार्बोरेटरचे भाग बुडवून ठेवलेले. घमेल्याला चीर होती, जमिनीवर ओल पसरली होती. डोकं गरगरावं इतका वास. आणि तो माणूस त्याच्या शेजारी उभा राहून मला विचारत होता, कुठे. मी बोटानं दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं, त्या खिळ्याकडे, जिथे सेन्सर टांगला होता. माझ्या आधी त्यांना कळलं.

"हे घमेलं तेव्हाबी इथंच होतं. त्याले मी ह्याच हवेत टांगलं," ते म्हणाले. "याले म्हटलं, ही साफ हवा. आन यानं ऐकलं." हात मागे नेऊन त्यांनी टायर चाचपला आणि त्यावर बसले. "तापून लाल होते हा, वहिनी. घमेलं खिळ्याच्या अजून जवळ असतं तं भडका उडाला असता. तुमची चूलबी बाजूलेच."

मी आधी घमेलं बाहेर अंगणात नेलं, झाकलं, शटर सताड उघडलं. मग येऊन त्यांच्यासमोर दुसऱ्या टायरवर बसले.

"तापात गेलं," ते म्हणाले. "म्हटलं, परत येईन नाक. नाई आलं."

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"जळक्या मिरचीपासून."

ते भडकले. "मंग बोलल्या काहून नाई?"

"तुम्ही गाडीमागे वाकून हुंगत होते भाऊ. मी कुठे बोलू?"

त्यांनी कप उचलला. उरलेला चहा थंडच प्यायले. कप ठेवता ठेवता म्हणाले, "ज्योतीले नका सांगू." आणि थोड्या वेळानं, "उद्या सकाळी चूल जरा उशिरा पेटवता येईन का? मले साफ हवा पाह्यजे. आन ते साफ हाय का नाई, हे सांगाले कोणीतरी पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आम्ही दारव्ह्याच्या रस्त्यानं गावाबाहेर गेलो. गाडी मी चालवत होते. जिनिंगच्या पुढे त्यांनी थांबवलं. "उतरा. सांगा."

मी नाक वर करून हुंगलं. मला फार हसू येत होतं. "सरकी. ओली सरकी येतेय मिलकडून."

"पुढे चला."

पुढे एका शेताच्या धुऱ्यावर कुणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. "धूर आहे भाऊ." "पुढे चला." पुढे एक ट्रॅक्टर गेला. "डिझेल." "थांबा, उडू द्या." मग एका मोकळ्या टेकाडापाशी थांबलो. मी म्हटलं, इथे काही नाही. मग म्हटलं, नाही, लसूण येतोय. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लसणाचं शेत कुठे नव्हतं.

"वहिनी, हात पाहा तुमचे."

माझ्याच हाताचा, माझ्याच पदराचा वास! वर्षांनुवर्षांची फोडणी ती, जाईल कुठे? त्यांनी मला नवरदेवासारखं वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं केलं आणि पहिल्यांदा, त्या तापानंतर पहिल्यांदाच, पोट धरून हसले.

सेन्सर पाइपातून काढून त्यांनी वायरीला धरून वाऱ्यात लोंबता ठेवला. किल्ली फिरवली. तो तापेपर्यंत थांबायचं होतं. तुरीची शेतं होती आजूबाजूला, फुलावर आलेली.

"सांगा," ते म्हणाले.

"काही नाही भाऊ, हवा साफ आहे."

"थे कळलं. पण कशी हाय? सांगा न."

तेव्हा मला समजलं ते काय मागत होते. मग मी सांगत गेले. तुरीच्या फुलाचा जेमतेम गोड वास, नीट हुंगलं तरच सापडणारा. उन्हात तापायला लागलेली काळी माती. दव वाळताना गवताचा येतो तो हिरवा वास. लांबून कुठूनतरी गुरांचा, शेणाचा, दुधाचा, तिन्ही मिसळलेला. मी सांगायची थांबले की ते म्हणायचे, "आणखी?" डोळे मिटून उभे होते, हातात ती वायर. मी आयुष्यात कधी एवढं हुंगलं नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले, बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि थांबला.

सेन्सर पाइपात बसवून गाडी चालू केली तेव्हा मी हात जोडूनच बसले होते. आकडा थोडा हलला आणि चौदाच्या जवळ टेकला. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला. आकडा केसभरच सरकला. परत आणला, आकडा परत आला. ते बोनेटवर दोन्ही हात टेकून, आतल्या इंजिनाकडे पाहत म्हणाले, "आता खरं बोलली."

शटर बंद झालं नाही. दुसऱ्या गाड्यांसाठी त्यांनी आणखी एक मीटर घेतलं, सायलेन्सरच्या तोंडात नळी अडकवून लावायचं. आणि गिऱ्हाईक आलं की आधीच मोठ्यानं सांगायचे, "माझं नाक गेलं हाय. मी मीटरवर लावतो. पटत असन तं थांबा." काही गेले. बरेच थांबले. एकानं टोमणा मारला, "भाऊ, तुमी तं म्हणत होते मशीन खोटं बोलते?" तर म्हणाले, "बोलते न! तिले खोटी हवा दाखवली तं बोलनच! तुमी पोट्ट्याले जे दाखवता, थेच तो शिकते का नाई?" ओंजळ त्यांनी पुन्हा नाकाशी नेली नाही. रोज सकाळी शटर उघडलं की मला हाक मारायचे. मी आत जाऊन हुंगायची, ठीक आहे म्हणायची, आणि मग दोघांचीही कामं सुरू. ज्योतीला त्यांनी स्वतःच सांगितलं, फोनवर, माझ्यासमोर. ती रडली. ते म्हणाले, "रडतं कायले? आता तुया सासूचं करपलेलंबी मी आनंदानं खाईन."

मग गुडघे गेले. वाकता येईना, तेव्हा मात्र त्यांनी आपणहून शटर खाली घेतलं, हत्यारं वाटून टाकली, आणि वर्ध्याला पोचवायला मला सांगितलं. हिवाळ्याची सकाळ, देवळीपर्यंत रस्त्यावर धुकं. मला वाटलं वाटभर ओरडतील, गिअर बदला, हॉर्न द्या. तर ते झोपले. बाजूला मान कलंडलेली, आणि चष्म्याच्या काचेवर मीटरचा हिरवा आकडा उलटा उमटलेला, धुक्यातून गाडी जाईल तसा बारीक हलणारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत ते डोळा मिटून बसले नव्हते, असं ज्योती मला नंतर म्हणाली.

तिच्या फाटकाशी उतरले. पिशवी तिनं घेतली. मी गाडी वळवली तर ते खिडकीत वाकले, आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चांगली चालून राह्यली," म्हणाले. "आता वहिनी, तुमी आकडा पाहू नका. रस्ता पाहा." आणि छपराला हळूच थाप मारून सरळ उभे राहिले. आरशात मला ते फाटक ओलांडताना दिसले नाहीत. वळणापर्यंत तिथेच उभे होते. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात ज्योतीचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

तर असं आहे ते मीटर, बाई. गाडी मी दर आठवड्याला बाहेर काढते, पण बाजूची सीट रिकामी असते. तू ये. सणासुदीची, सुट्टीची वाट पाहत बसू नकोस, येत्या शनिवारीच निघ. बस थेट नसली तर यवतमाळला उतर, मी घ्यायला येते. तुला पाटोडीची रस्साभाजी करून घालते, गाडी शिकवते, आणि तुरीला फूल आहे तोवर त्या टेकाडापर्यंत नेऊन आणते. लवकर ये गं.